खुनाचा खटला आणि वेडेपणाचा बचाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गेल्या काही वर्षांत वकील म्हणून माझ्याकडे फोनवर, पत्रांतून आणि सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात आलेले आहेत. थोडे कायद्याच्या विद्यार्थ्यांचे आहेत, बाकी बहुतेक आरोपीच्या घरच्यांचे. कोर्टाच्या कागदांत शब्द 'मनोविकल' असतो. विचारणारे 'वेड' म्हणतात, म्हणून प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तरं भारतातल्या कायद्यापुरती आहेत, फक्त शेवटचा प्रश्न परदेशातल्या वाचकाचा आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम) लागू झाले, पण त्याआधीच्या घटनांचे खटले आणि अपिलं जुन्या दंड संहितेवरच चालतात. म्हणून दोन्हींची कलमं दिली आहेत.

१. वेड्या माणसाने खून केला तर त्याला शिक्षाच होत नाही, हे खरं का?

अर्धं खरं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंड संहितेचं ८४) दोन प्रकारच्या माणसांना वाचवतं. मनोविकलतेमुळे आपण नेमकं काय करतोय याचं स्वरूपच कळण्याची क्षमता नसलेला हा पहिला. स्वरूप कळलं तरी ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमता नसलेला हा दुसरा. ज्याला खरोखरच वाटतंय की आपण अंगावर आलेल्या लांडग्याला मारतोय आणि कुऱ्हाड पडते भावावर, तो पहिल्या प्रकारात बसतो.

सगळ्यांत महत्त्वाचे शब्द आहेत 'कृत्य करतेवेळी'. आदल्या वर्षी तो कसा होता किंवा आज कोर्टात कसा दिसतो, याने त्या वेळेचा अंदाज बांधायला मदत होते, एवढंच. प्रश्न त्या दहा-पंधरा मिनिटांचा असतो.

२. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. मग सुटका नक्की ना?

नाही. कोर्ट वैद्यकीय वेड आणि कायद्याचं वेड असा फरक करतं आणि हा फरक घरच्यांच्या पचनी पडत नाही, याची मला कल्पना आहे. आजाराचं नाव कागदावर असणं ही सुरुवात झाली. त्या आजाराने त्या वेळी समज हिरावली होती का, हे वेगळं दाखवावं लागतं. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं नोकरी करतात, बाजारहाट करतात, पोरांचे अभ्यास घेतात. त्यांतल्या एकाने जमिनीच्या वादातून ठरवून कुणाला मारलं, तर आजाराचं प्रमाणपत्र त्याला वाचवणार नाही. उलट, ज्याच्या आजाराला कुणी कधी नावच दिलं नाही असा माणूसही सुटू शकतो. मात्र ते सिद्ध करणं फार जड जातं (प्र. ७ पाहा).

३. हा नियम मुळात आला कुठून?

लंडनहून. जानेवारी १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव होते. सत्ताधारी टोरी पक्ष आपल्या जिवावर उठलाय असा मॅकनॉटनचा पक्का भ्रम होता. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं आणि लोक भडकले. तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून 'मॅकनॉटन नियम' तयार झाले. १८६० ची आपली दंड संहिता त्याच विचारावर बेतलेली आहे.

मॅकनॉटन मोकळा फिरला नाही. तो आधी बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात आणि मग ब्रॉडमूरला राहिला आणि १८६५ मध्ये बंदिवासातच वारला.

४. नवीन न्याय संहितेत काही बदललं का?

नंबर बदलला. २०२३ च्या पहिल्या विधेयकात 'मनोविकलता' काढून 'मानसिक आजार' घातलं होतं. दुसऱ्या विधेयकात जुना शब्द परत आला. मला विचाराल तर बरं झालं, कारण जुन्या निकालांतली सगळी चर्चा त्याच शब्दावर उभी आहे.

५. तो वेडा होता हे आम्ही सिद्ध करायचं, की नव्हता हे सरकारने?

खून केला हे सरकारने संशयापलीकडे सिद्ध करायचं. मनोविकलतेचा अपवाद लागू होतो हे आरोपीने दाखवायचं, असं साक्ष अधिनियमाचं कलम १०८ (जुन्या पुरावा कायद्याचं १०५) सांगतं. पण दोघांचं ओझं सारखं नाही. आरोपीला दिवाणी दाव्यातल्यासारखी 'असं असण्याची शक्यता जास्त' एवढी पातळी गाठली तरी पुरते.

यातली खरी किल्ली सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातमधल्या ठक्कर खटल्यात दिली. आरोपीचा पुरावा अपवाद सिद्ध करायला कमी पडला, पण त्याच पुराव्याने 'याच्या मनात मारण्याचा हेतू तरी होता का' अशी रास्त शंका निर्माण झाली, तरी आरोपी सुटला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. कारण हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी शेवटपर्यंत सरकारवरच असते. ठक्कर स्वतः मात्र ते अपील हरला. तत्त्व त्याच्या खटल्यातून निघालं आणि फायदा पुढच्यांना झाला.

६. त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं हे कोर्टाला कसं कळणार? नेमकं काय बघतात?

घटनेच्या आधीचं वागणं, घटनेच्या वेळचं आणि लगेच नंतरचं. तीन निकाल शेजारी ठेवले की हे नीट समजतं. त्यांतले दोन महाराष्ट्रातले आहेत.

पहिला २००२ चा भोसले निकाल. पोलीस शिपाई असलेल्या नवऱ्याने एप्रिल १९९४ मध्ये बायकोला घरातल्या वाटणाच्या दगडाने मारलं. सेशन कोर्टाने आणि हायकोर्टाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. का? वडिलांना मनोविकाराचा इतिहास होता. १९९२ पासून त्याच्यावर उपचार चालू होते आणि निदान होतं पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा इस्पितळात न्यावं लागलं. बायको त्याच्या नोकरी सोडण्याला विरोध करत होती, एवढाच काय तो हेतू सांगितला गेला, आणि तो अगदीच लंगडा होता. खून दिवसाढवळ्या झाला आणि तो लपला नाही की पळाला नाही. यातलं एकेक सुटं घेतलं तर काहीच सिद्ध होत नाही. एकत्र ठेवल्यावर चित्र उभं राहिलं.

दुसरा त्याच्या तीस वर्षं आधीचा शेरअली निकाल. त्यात बायको आणि मुलगी अशा दोघींचा खून होता. दार फोडून लोक आत आले तेव्हा आरोपी पळाला नाही आणि खुनाचं कारणही कुणाला सापडलं नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हेतू सापडत नाही आणि माणूस पळाला नाही, एवढ्यावरून तो वेडा होता असं होत नाही. 'पण साहेब, तो तिथेच बसून होता की हो!' हे वाक्य मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकतो. त्याला शेरअली निकाल हे उत्तर आहे. बसून राहण्यामागे आजाराचा आधीचा इतिहास उभा असावा लागतो.

तिसरा २०११ चा, झारखंडमधला मिश्रा निकाल. आरोपीने गोळी घातल्यावर मृताच्या ड्रायव्हरला धमकावलं, पळ काढला आणि गावठी पिस्तूल विहिरीत टाकलं. हत्यार लपवणाऱ्याला आपण केलं ते चूक आहे हे कळत होतं, असा निष्कर्ष निघाला आणि बचाव फेटाळला गेला. रक्ताचे कपडे धुणं, खोटी हकिगत रचणं, फोन बंद करून गाव सोडणं, हे सगळं या रांगेत येतं.

७. आमच्याकडे आजाराचे कागदच नाहीत. लग्न जमेना म्हणून आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. आता काय करायचं?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. बहुतेक खटले इथेच निसटतात, आणि तेही कायद्याच्या बारकाव्यापायी नाही. आजार घरात वर्षानुवर्षं असतो, गल्लीला माहीत असतो. कागद मात्र एकही नसतो, कारण तो राहू नये म्हणूनच घरच्यांनी जिवाचा आटापिटा केलेला असतो.

वकिली सुरू केल्यावर पहिल्या काही वर्षांतला एक खटला. आरोपीची आई साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत केसपेपर होते, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, औषधांच्या पट्ट्यांचे रिकामे तुकडे रबरबँडने बांधलेले. एका केसपेपरवर घटनेच्या तीन आठवडे आधीची तारीख होती आणि खाली डॉक्टरांच्या हातच्या तीन ओळी : 'झोप नाही. घरचे विष घालतात असा संशय. औषध दीड महिना बंद.' मला वाटलं, जिंकलो. मग आईचा पोलीस जबाब वाचला. घटनेच्या दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं होतं, 'माझ्या मुलास कोणताही आजार नाही.' धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. आई होती सरकार पक्षाची साक्षीदार. पिंजऱ्यात उभी राहून तिने आजाराबद्दल खरं सांगायला सुरुवात केली, तशी सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवण्याची परवानगी मागितली आणि तेच वाक्य तिच्यापुढे धरलं. केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांना समन्स काढून बोलावलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तर शोध कुठे घ्यायचा? सरकारी दवाखान्याच्या ओपीडीची नोंदवही आठवा. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क रुग्णाला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २५ ने दिलेला आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. औषध दुकानदाराची बिलं, कामावरून काढल्याचं किंवा बिनपगारी रजेचं पत्र, पूर्वी 'मुलगा हरवला' म्हणून पोलिसांत दिलेली खबर, शाळा मध्येच सुटल्याचा दाखला, हे सगळं चालतं. दर्ग्यात किंवा देवस्थानात महिनाभर नेऊन ठेवला असेल तर तिथली पावतीसुद्धा टाकू नका. कागद अगदीच नसेल तर शेजारी, मालक, गावचा पोलीस पाटील यांच्या साक्षी उपयोगी पडतात. 'तो वेड्यासारखा वागायचा' असं सांगून काही होत नाही. 'श्रावणात तीन दिवस पाण्याच्या टाकीवर बसला होता आणि खाली उतरवायला आम्ही सहा जण होतो', असं सांगितलं तर होतं.

मागची तारीख घालून कागद बनवायचा विचारही करू नका. उलटतपासात तो पहिल्या पाच मिनिटांत फाटतो आणि खरे कागदही सोबत घेऊन जातो.

८. अटक झाली तेव्हा तो बरळत होता, पण पोलिसांनी डॉक्टरकडे नेलंच नाही. याचा फायदा मिळतो का?

मिळू शकतो. आधीच्या वेडाचा इतिहास तपासात समोर आला असेल, तर आरोपीची ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये राजस्थानच्या एका खटल्यात सांगितलं. ते केलं नाही तर सरकारच्या खटल्यात गंभीर उणीव राहते आणि संशयाचा फायदा आरोपीला जातो.

यातला अपवाद लक्षात घ्या : तपास अधिकाऱ्याला तो इतिहास कळलेला असायला हवा. म्हणून अटक झाल्याच्या दिवशीच घरच्यांनी लेखी अर्ज द्यावा आणि पहिल्या रिमांडला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तोंडानेही सांगावं. प्र. ७ मधल्या आईने जे केलं त्याच्या बरोबर उलट.

९. घटनेच्या वेळी तो ठीक होता, पण आता तुरुंगात वेडा झालाय. खटला चालेल का?

हा अगदी वेगळा प्रश्न आहे आणि लोक तो प्र. १ मध्ये मिसळतात. वकिलाला काय सांगायचं, साक्षीदार काय बोलतोय, हे आरोपीला कळत नसेल, तर खटला थांबवावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ३६७ आणि ३६८ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ३२८, ३२९) यासाठी आहेत. कोर्ट तपासणीसाठी पाठवतं आणि तो बचाव करण्यास अक्षम ठरला तर खटला तहकूब होतो. बरा झाला की पुन्हा सुरू होतो. वैद्यकीय मत मान्य नसेल तर मंडळाकडे दाद मागता येते. त्यात जवळच्या सरकारी रुग्णालयाचे मनोविकार विभागप्रमुख आणि वैद्यकीय महाविद्यालयातले मनोविकार विषयाचे प्राध्यापक असतात.

थांबलेल्या काळात त्याला तुरुंगातच ठेवावं असं नाही. भरती करण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र उपचाराची व सुरक्षिततेची हमी देत असेल, तर जामीन न मिळणाऱ्या गुन्ह्यातही कलम ३६९ खाली सोडता येतं. खुनाच्या खटल्यात कोर्ट सहज तयार होत नाही, पण दार बंद नाही. अर्ज करणारेच कमी.

१०. निर्दोष सुटला म्हणजे त्याच दिवशी घरी येईल का?

बहुधा नाही. वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवताना कृत्य त्यानेच केलं की नाही, हे कोर्टाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७३, जुनं ३३४). केलं असं ठरलं तर पुढचं कलम लागतं : एकतर सुरक्षित ठिकाणी ठेवणं, नाहीतर जामीन घेऊन नातेवाईकाच्या ताब्यात देणं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे पाठवलं जातं. बाहेर सोडल्यास त्याच्याकडून स्वतःला किंवा इतरांना धोका नाही असा दाखला मिळाल्यावर राज्य सरकार सुटकेचा हुकूम काढू शकतं.

या मुक्कामाला ठरावीक मुदत नाही. जन्मठेपेच्या कैद्याला निदान फाईल कधी हलेल याचा अंदाज असतो, इथे तोही नसतो. कुणी न्यायला आलं नाही की बरा झालेला माणूसही पडून राहतो. हा बचाव घेण्याआधी घरच्यांनी हे समजून घ्यावं आणि त्याला घरी कोण ठेवणार, औषध कोण देणार, हे आधी ठरवून ठेवावं. हमीपत्र निकालाच्या दिवशी हातात असलं की कोर्टालाही दुसरा पर्याय निवडायला आधार मिळतो.

११. दारूच्या नशेत झालं. त्याला काहीच कळत नव्हतं. हे वेड नाही का?

स्वतःहून प्यायला असेल तर नाही. नशेसाठी न्याय संहितेत वेगळी कलमं आहेत, २३ आणि २४ (जुनी ८५, ८६), आणि ती नकळत किंवा जबरदस्तीने पाजलेल्यालाच पूर्ण वाचवतात. १९५६ चा बासदेव निकाल अजूनही वाचला जातो : लग्नात प्यायलेल्या निवृत्त फौजी जमादाराने जागेवरून सरकला नाही म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला गोळी घातली. तो झोकांड्या खात होता, पण काय करतोय हे कळू नये इतका बेभान नव्हता. खुनाची शिक्षा कायम राहिली.

वर्षानुवर्षांच्या व्यसनातून कायमचा मनोविकार जडला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो नशेचा प्रश्न उरत नाही, प्र. १ च्या कसोटीवर तपासला जातो.

१२. रागात डोकं फिरलं, स्वतःवर ताबाच राहिला नाही. हे चालतं का?

वेडाचा बचाव म्हणून नाही. कळत होतं पण आवरलं नाही, याला आपल्याकडे या कलमात जागा नाही. अचानक गंभीर चिथावणी मिळाली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होऊ शकतो, पण तो निराळा अपवाद आहे. 'अर्धवट जबाबदारी' म्हणून शिक्षा खाली आणणारी इंग्लंडसारखी (१९५७ चा कायदा) मधली पायरीही आपल्याकडे नाही. आजार कलम २२ पर्यंत पोचला नाही, तर त्याचा विचार होतो तो शिक्षेच्या वेळी.

१३. देवीने सांगितलं म्हणून मारलं, असं तो म्हणतो. कोर्ट मानतं का?

कधी कधी. १९४९ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक बाप होता. स्वप्नात स्वर्गातून आज्ञा झाली म्हणून त्याने स्वतःच्या मुलाचा बळी दिला. आपण करतोय ते चूक आहे हे त्याला कळतच नव्हतं असं मानून कोर्टाने त्याला सोडलं. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाने या तर्काशी असहमती दाखवली.

व्यवहारात प्रश्न एवढाच : आवाज ऐकू येणं हा आजाराचा भाग आहे, की ही श्रद्धा आहे? गुप्तधनासाठी अमावास्या बघून, मांत्रिकाला पैसे देऊन, मूल पळवून दिलेला नरबळी हा थंड डोक्याने आखलेला खून आहे. महाराष्ट्रात त्यावर २०१३ चा वेगळा कायदाही आहे. 'अंगात येतं' एवढं सांगून भागत नाही. तेच आवाज आधी ऐकू आल्याची नोंद कुठल्या केसपेपरवर असेल, तर सगळं बदलतं.

१४. सेशन कोर्टात वकिलाने हा मुद्दा घेतलाच नाही आणि जन्मठेप झाली. अपिलात घेता येईल का?

येईल. आजाराची सामग्री मूळ रेकॉर्डवर कुठेतरी असेल, म्हणजे तुरुंगाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, एखाद्या साक्षीदाराचं वाक्य, रोजनाम्यातली नोंद, तर काम बरंच सोपं. आरोपीने 'मी केलंच नाही' असा बचाव घेतला होता म्हणून हा मुद्दा आपोआप बाद होत नाही, फक्त कमजोर पडतो. नवा कागद दाखल करायचा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ (जुनं ३९१) खाली अतिरिक्त पुराव्याचा अर्ज लागतो, आणि तो आधी का आला नाही याचं पटण्यासारखं कारणही.

मुदत : जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात ६० दिवस, फाशीविरुद्ध ३०. उशीर माफ होतो, पण कारण द्यावं लागतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं.

अपिलात हा बचाव खरंच टिकतो का, असं पुढे विचारतात. भोसले निकाल (प्र. ६) दोन कोर्टांत हरल्यावर जिंकलेला आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच राठोड खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने मनोविकलतेवरून शिक्षा रद्द केली.

१५. उलट, तो सुटला तर सरकार अपिलात जाऊ शकतं का?

हो, हायकोर्टात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१९ (जुनं ३७८) खाली. पण पुराव्यावरून सेशन कोर्टाचं मत शक्य कोटीतलं असेल तर केवळ दुसरं मत होऊ शकतं म्हणून हायकोर्ट ते सहसा फिरवत नाही.

१६. फाशीची शिक्षा झाल्यावर वेड लागलं तर?

तेव्हा कलम २२ चा संबंध उरत नाही, शिक्षा अमलात आणावी का एवढाच प्रश्न असतो. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि मानसिक आजार हे त्यासाठीचं एक कारण मानलं. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कैद्याच्या खटल्यात ते पुढे नेलं. निकालात त्याचं नाव लपवून 'अभियुक्त एक्स' ठेवलं आहे. शिक्षेनंतर जडलेला मानसिक आजारही, पुरेसा गंभीर असेल तर, फाशी टाळायला कारण होऊ शकतो, असं न्यायालय म्हणालं. गुन्हा अत्यंत क्रूर होता आणि तो माणूस बाहेर येणार नाही हेही त्याच निकालाने ठरवलं.

१७. वेड्याच्या हातात कोयता देऊन दुसऱ्यानेच खून घडवला तर?

देणारा अडकतो. ज्याला चिथावलं तो कायद्याने गुन्हा करायला समर्थ नसला तरी चिथावणी गुन्हाच आहे (न्याय संहितेचं कलम ४६, जुनं १०८). वेडा सुटतो, चिथावणारा नाही.

१८. वेडा माणूस अंगावर धावून आला आणि झटापटीत त्याला मारलं, तर मी खुनी का?

स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हाला तेवढाच आहे जेवढा शहाण्या हल्लेखोरासमोर असता. कायद्याने यासाठी स्वतंत्र कलमच दिलंय, ३६ (जुनं ९८). मर्यादाही त्याच : तो खाली पडून निपचित झाल्यावर मारलेला दगड स्वसंरक्षणात मोजत नाहीत.

१९. वडिलांना मारणारा भाऊ वेडाच्या कारणावरून सुटला. त्याला वडिलांच्या जमिनीत वाटा मिळेल?

भांडण मोठं आहे आणि उत्तर दिवाणी कोर्टच देईल. हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ 'खून करणाऱ्याला' मृताच्या वारशातून बाद करतं. न्याय संहितेचं कलम २२ म्हणतं, असं कृत्य गुन्हाच नाही. म्हणून त्याचा वकील म्हणणार की खून झालाच नाही. समोरचा म्हणणार, दिवाणी कोर्टाने आपला पुरावा आपण तपासावा. फौजदारी निकालात कारण नेमकं काय लिहिलंय (प्र. १०) यावर बरंच अवलंबून राहतं, कारण वेडेपणामुळे सुटणं आणि पुराव्याअभावी सुटणं यांत इथे फरक पडतो. सातबारावर नाव चढवायची घाई करू नका.

२०. मी न्यू जर्सीत असतो. इथल्या बातम्यांत असे लोक सहज सुटतात असं दिसतं. अमेरिकेचा कायदा सैल आहे का?

१९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा जॉन हिंकली पुढच्या वर्षी वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला. त्या संतापातून १९८४ चा संघीय कायदा आला. संघीय खटल्यात आता सिद्ध करायचं ओझं आरोपीवर आहे आणि ते आपल्या 'शक्यता जास्त' या पातळीपेक्षा जड आहे. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. कॅन्सस, मोंटाना, आयडाहो आणि युटा यांनी हा बचाव जुन्या रूपात ठेवलेलाच नाही, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅन्ससचा तसा कायदा वैध ठरवला. हिंकलीवरचे शेवटचे निर्बंध उठले ते २०२२ मध्ये, म्हणजे निर्दोष ठरल्यावर चाळीस वर्षांनी.